हिरोने हेलिकॉप्टर धरलं ते ठीक, पण वजन गेलं कुठे?

आमच्या तालमीतल्या एका पोराने परवा रात्री साडेअकराला तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकला. वय एकोणीस, बेंच प्रेस चांगली, बैठकांचा कंटाळा, आणि दिवसाला एक पिक्चर. म्हणाला, "काका, पिक्चरमध्ये एक हिरो हेलिकॉप्टर हाताने धरून ठेवतो, एक चालती ट्रेन थांबवतो, एक शिवलिंग खांद्यावर घेऊन चालतो, यातलं खरंच काय होऊ शकतं? आणि तुम्ही लोक साखळी तोडायचात, छातीवर दगड फोडायचात ते खरं होतं की नुसती ट्रिक? आणि यंदा गणपतीत मंडळात मी छातीवर दगड फोडून घेऊ का?"

आता याला व्हॉइस मेसेजने काय उत्तर देणार. टाइपच करतो, लांब होईल, सेव उसळ खात खात वाच. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देतो, नाही. का नाही ते येईलच पुढे.

मी बडोद्यात तीस-बत्तीस वर्षं पोरांना शिकवतोय, आधी मल्लखांब आणि जोर-बैठका, मग वेटलिफ्टिंग, आणि तरुणपणी दहा-बारा वर्षं गणपतीत, शिवजयंतीला शक्तीचे प्रयोग पण केले, दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी, जिथे बोलावलं तिथे. तेव्हा मी हे जे सांगतोय ते स्वतःच्या हाडांवर तपासून सांगतोय, एक हाड तर अजून पावसाळ्यात बोलतं.

पहिली गोष्ट. तू विचारतोस "किती वजन". सगळे हेच विचारतात, पिक्चरवाले पण हेच दाखवतात. पण वजन किती हा अर्धाच प्रश्न आहे, खरा प्रश्न म्हणजे वजन कुठून कुठे गेलं. म्हणजे हातावर आलं, तिथून खांद्यावर, कण्यात, कंबरेत, मांडीत, टाचेत आणि टाचेतून जमिनीत, हा रस्ता सरळ असला की माणूस अचाट वजन पेलतो आणि रस्ता कुठेतरी वाकडा झाला की वीस किलोची गोणी पण कंबर धरायला लावते. आमचे वस्ताद म्हणायचे, उचलतोस कसला, वजनाला खाली जायला वाट करून दे.

हे आकड्यात बघ. डोक्यावर पूर्ण हात ताणून वजन पेलायचं, ऑलिंपिकवाली क्लीन अँड जर्क, त्यात जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेने २०२१ मध्ये २६७ किलो घेतलं. नुसतं जमिनीवरून मांडीपर्यंत, डेडलिफ्ट, त्यात आइसलँडच्या हाफथॉर ब्यॉर्नसनने २०२० मध्ये ५०१ किलो उचललं, हा तोच दांडगा जो गेम ऑफ थ्रोन्समध्ये माउंटन होता. त्याच्या आधी २०१६ मध्ये एडी हॉलने ५०० उचललं तेव्हा नाकातून रक्त आलं, चक्कर येऊन पडला. आणि आता तिसरा प्रकार बघ, बॅकलिफ्ट. मोठा पाट लाकडी घोड्यांवर, म्हणजे टेकूंवर, ठेवलेला, माणूस त्याखाली वाकून शिरतो, हात स्टुलावर, पाठ पाटाला, आणि फक्त बोट-दोन बोटं वर ढकलतो. कॅनडाच्या लुई सीरने १८९५ मध्ये बोस्टनला पाटावर अठरा जाडे बाप्ये बसवून ४३३७ पौंड उचललं, म्हणजे जवळजवळ १९७० किलो. १९९३ मध्ये ग्रेग अर्न्स्टने दोन मोटारी, वर ड्रायव्हर बसलेले, २४२२ किलो. माणूस तोच, हाडं तीच, पण डोक्यावर अडीचशे आणि पाठीवर अडीच हजार. उंची वाढली की वजन घटलं. हा हिशेब डोक्यात ठेवलास ना, की पिक्चरमधला प्रत्येक सीन तू स्वतःच तपासशील.

आता पिक्चर जाऊ दे, आधी आपल्या घरचा सुपरहिरो घेऊ. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये गामाचा दगड आहे, बघितलायस ना? गामा पहिलवान, तोच जो १९१० ला लंडनला पोलंडच्या झ्बिस्को पहिलवानाशी लढला. तो बडोद्याला आला होता आणि २३ डिसेंबर १९०२ ला त्याने हा दगड उचलला, वजन १२०० किलो, उंची अडीच फूट, असं सांगतात. त्याचं वय तेव्हा चोवीसच्या आसपास. लोक पुढे सांगतात की छातीपर्यंत उचलला आणि घेऊन चालला पण.

मी दर दिवाळीच्या सुट्टीत नवीन पोरांना तिथे नेतो आणि दगडासमोर उभं करून पाढे म्हणायला लावतो. अडीच फूट म्हणजे ७६ सेंटिमीटर. काळा दगड, ग्रॅनाइटसारखा, पाण्याच्या २.७ पट जड धर. अडीच फुटाचा पूर्ण चौकोनी ठोकळा असला तर वजन येतं ११९५ किलो, म्हणजे आकडा अगदी बरोबर बसतो! पण तोच दगड चेंडूसारखा गोल धरला, व्यास अडीच फूट, तर येतात सव्वासहाशे. म्हणजे कोपरे किती झिजलेले आणि तासलेले आहेत यावर निम्मं वजन इकडचं तिकडे. आणि अजून एक मजा सांगतो, १९०२ साली बडोद्यात कोणी किलोत बोलत नव्हतं, मण-शेराचा काळ, आपल्याकडे दशमान वजनं आली ती १९५६ च्या कायद्यानंतर. म्हणजे किलोतला आकडा मागाहून कोणीतरी करून ठेवलाय. दगड खरा, गामा खरा, पण आकड्याकडे जरा तिरकं बघायचं.

पोरं लगेच विचारतात, मग काका गामाने उचलला की नाही? अरे उचलला असणार, माझं मत आहे तसं, पण "उचलणं" या शब्दाचे दहा अर्थ आहेत. आजच्या सगळ्यात तगड्या माणसांपैकी एक, स्कॉटलंडचा टॉम स्टोल्टमन, त्याने २०२० मध्ये गोल दगड मिठीत घेऊन चार फुटांच्या दांडीवरून टाकला, तो होता २८६ किलो. मिठीत घेऊन, पोटावरून छातीवर. त्याच्या चौपट वजन कोणी छातीला लावून चालेल हे मी तरी मानणार नाही, गामाबद्दल कितीही आदर असला तरी. पण दगड एका कडेवर तिरपा करायचा, अर्धं वजन जमिनीवरच राहू द्यायचं, मांडी खाली घालायची, मग कडेवर फिरवत फिरवत पुढे न्यायचा, जसं आपण लोखंडी कपाट "चालवत" नेतो, ते बाराशे किलोला होऊ शकतं आणि ते सुद्धा तू आणि मी मिळून करू शकत नाही हे लक्षात घे. किंवा पाठीवर, लुई सीरसारखं. बघणाऱ्याने बघितलं की दगड जमिनीवरून सुटला, घरी जाऊन बायकोला सांगितलं उचलला, बायकोने शेजारणीला सांगितलं छातीपर्यंत उचलला. गोष्टी अशाच वाढतात, आणि सुपरहिरो पण असेच तयार होतात.

आता तुझं हेलिकॉप्टर. तो कॅप्टन अमेरिकाचा २०१६ चा सीन ना, एका हाताने हेलिकॉप्टर आणि दुसऱ्या हाताने इमारतीचा कठडा, दंड असा फुगलेला. सगळे दंडाकडे बघतात. पण हा सीन नवीन नाहीये रे! आपल्या राममूर्तींनी शंभर वर्षांपूर्वी केला होता, फक्त हेलिकॉप्टरच्या जागी मोटारी. कोडी राममूर्ती नायडू, १८८२ चा जन्म, आंध्रातले, स्वतःची सर्कस होती, लोक त्यांना कलियुगातला भीम म्हणायचे. त्यांचा प्रसिद्ध खेळ म्हणजे दोन बाजूंना दोन मोटारी, दोन्ही हातांना दोर किंवा साखळ्या, मोटारी उलट्या दिशेला ओढतायत आणि राममूर्ती मध्ये उभे.

बघणाऱ्याला वाटतं दोन मोटारी म्हणजे डबल ताकद. उलटं आहे. दोन्हीकडून सारखी ओढ असली की त्या एकमेकींना फेडतात, तुला जमिनीला चिकटून राहायची गरजच नाही, पाय घसरायचा प्रश्न नाही, तू फक्त मधली साखळी व्हायचंस. एकाच मोटारीला थांबवणं जास्त कठीण, कारण तिथे टाचा रोवाव्या लागतात. आणि मोटार तरी किती ओढते? चाकाला रस्त्याची जेवढी पकड तेवढीच ओढ. आठशे किलोची जुनी मोटार, मागच्या चाकांवर चारशे, कोरड्या सडकेवर त्याच्या साठ टक्के म्हणजे २४० किलोची ओढ, आणि मैदानात सैल मातीवर याच्या निम्मी. म्हणून हे खेळ मैदानात व्हायचे! २४० किलो छातीतून-खांद्यातून धरून ठेवणं सोप्पं नाही, पण चमत्कार पण नाही, रोज हजार बैठका मारणाऱ्याला जमतं. फक्त एकच अट, दोन्ही ड्रायव्हर तुझ्या ओळखीचे हवेत आणि क्लच एकदम सोडणारे नकोत. झटका बसला की खांदा निखळला.

हेलिकॉप्टरवाल्या सीनमध्ये मग चूक काय? साखळी बरोबर दाखवलीय, हात-छाती-हात, वजनाचा रस्ता सरळ. चूक ही की तो शेवटी कोपर वाकवून ओढून घेतो, दंड दिसावा म्हणून. साखळीची कडी कधी स्वतःहून आखडत नाही रे. जोवर हात सरळ आहे तोवर वजन हाडांवर आणि शिरांवर, कोपर वाकलं की सगळं आलं त्या एका स्नायूवर. राममूर्तींनी कोपर वाकवलं असतं तर दुसऱ्या दिवशी सर्कस बंद. आणि दंडाच्याही आधी बोटं सुटतात. मूठ ही सगळ्यात कमजोर कडी, म्हणून खरे लोक मनगटाला पट्टे बांधतात. हिरोला पट्टे बांधलेले दाखवत नाहीत, स्टाइल जाते.

ट्रेनचं ऐक. ट्रेन ओढणं आणि ट्रेन थांबवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ओढण्यात जास्त दम नाही, खरंच सांगतो. रुळावर लोखंडी चाक इतकं हलकं फिरतं की पन्नास टनाचा डबा सपाटीवर एकदा हलला की दीडशे किलोच्या ओढीने चालत राहतो. ट्रक टनामागे त्याहून जड जातो कारण रबरी टायर, दहा टनाच्या ट्रकला सपाट सडकेवर साधारण शंभर किलोची ओढ. टीव्हीवर स्ट्राँगमन ट्रक ओढतात ते खरंच ओढतात, सुरुवातीचं पहिलं पाऊल तेवढं जीव काढतं.

थांबवणं म्हणजे वेगळा धंदा. २००४ च्या स्पायडरमॅनमध्ये तो दोन्हीकडच्या इमारतींना जाळी चिकटवून ट्रेन थांबवतो. समज ट्रेन दोनशे टन, वेग ताशी ऐंशी, अर्ध्या किलोमीटरमध्ये थांबवायची, तर पूर्ण वेळ दहा टनाचा जोर लावून धरायला लागेल. तरी मला तो सीन आवडतो, का सांगू? कारण तो हळूहळू थांबवतो, जाळी ताणत जातात, वेळ लागतो. ज्याने कोणी तो सीन लिहिला त्याला झेलणं म्हणजे काय ते कळत होतं. उलटं उदाहरण त्याच्याच कॉमिक्समध्ये आहे, १९७३ चा अंक, त्याची मैत्रीण पुलावरून पडते, तो जाळं टाकून तिला झेलतो आणि ती वाचत नाही, पडण्याने नाही तर झटक्याने मान तुटते. आपण मल्लखांबावरून पडणाऱ्या पोराला झेलतो तेव्हा मी ओरडतो ना, गुडघे सोड, खाली बस त्याच्याबरोबर, ते हेच. पिक्चरमध्ये उडणारा हिरो इमारतीवरून पडलेल्या बाईला हवेत कडक हातांवर झेलतो तेव्हा मला पॉपकॉर्न गिळवत नाही. फरशीवर पडली काय आणि पोलादी हातांवर पडली काय.

मोटार डोक्यावर घेणारा सुपरमॅन, त्याची पहिली कॉमिक आली १९३८ मध्ये, कव्हरवर हिरवी मोटार दोन्ही हातांनी उचलून आपटतोय. त्याचे बाप दोन पोरं, सीगल आणि शुस्टर, त्यांनी सरळ सांगितलंय की सॅमसन, हर्क्युलिस यांच्यावरून सुचलं, आणि पँटवर चड्डी हा जो विनोद आपण करतो ना, ती सर्कसच्या पहिलवानांची चड्डी आहे, विनोद नाही. त्याच्या दहा-पंधरा वर्षं आधी झिशे ब्राइटबार्ट म्हणून पोलंडकडचा एक यहुदी लोहार पहिलवान युरोप-अमेरिकेत गाजत होता, लोखंड वाकवायचा, साखळ्या चावून तोडायचा. १९२५ मध्ये मेला, कसा माहितीय? तळहाताने फळ्यांमधून खिळा ठोकायचा खेळ करताना खिळा आरपार जाऊन गुडघ्यात घुसला, विषार पसरला. हे मुद्दाम सांगतोय, गणपतीच्या संदर्भात.

मोटारीबद्दल लोक म्हणतात की त्याचे पाय जमिनीत घुसतील. नाही घुसणार, हिशेब कर, बाराशे किलोची मोटार, शंभरचा तो, दोन तळव्यांचं क्षेत्रफळ तीनशे चौरस सेंटिमीटर, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वाचार किलो, मालवाहू ट्रकचा टायर याहून जास्त दाब देतो. पण शंभर टनाचं विमान उचललं तर सव्वातीनशे किलो चौरस सेंटिमीटरला, डांबरात तो खुंटीसारखा गेला पाहिजे. मोटारीची खरी अडचण वेगळीच आहे, ती बंपरला धरून एका टोकाने उचलतात. पहिलं तर बंपर हातात येईल. नाही आला तरी मोटारीचा तोल तुझ्या पायांच्या दोन मीटर पुढे, तू कितीही तगडा असलास तरी नाकावर आपटशील, कारण तोल ताकदीला विचारत नाही.

यात आपली जुनी माणसं जास्त हुशार वाटतात मला. वेरूळला कैलास लेण्यात रावण कैलास हलवतोय ते शिल्प आहे, शाळेच्या सहलीत गेला असशील तर आठव. रावण डोंगराच्या बरोबर खाली आहे, बाजूला उभा राहून टोक धरून नाही. वीस हात चहूबाजूंनी. वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलीय, दासी पळतेय. ज्या कारागिराने ते कोरलं त्याने कधीतरी गाडीचं चाक खड्ड्यातून पाठीने काढलेलं असणार. शिवलिंगवाल्या तुझ्या हिरोला पण मी पास करतो, २०१५ च्या बाहुबलीतला, कारण खांद्यावर घेतो. खांदा म्हणजे कण्याच्या वरचं टोक, तिथून रस्ता सरळ खाली. हमाल शंभर किलोची गोणी हातात नाही, पाठीवर घेतो. वजन किती होतं त्या भानगडीत मी पडत नाही, पिक्चरमध्ये ते फायबरचंच असतं.

खोटं वजन ओळखायचं कसं ते सांगतो, हे मात्र लिहून घे. जड वस्तू उचलताना आधी माणूस खाली जातो, मग वस्तू वर येते. आणि पहिला क्षणभर काहीच होत नाही, मान फुगते, टाचा रुततात, आणि मग हलते. नटाच्या हातात थर्मोकोल असलं की वस्तू आणि माणूस एकदम वर जातात, तोंड मात्र वाकडं करतो. पावलं पण बघ, खऱ्या वजनाखाली पाऊल तोकडं पडतं, घसटत. थर्मोकोलवाला लांब ढांगा टाकतो. मी आणि माझी बायको टीव्हीवर बघताना पैज लावतो, ती हल्ली जिंकते.

सिनेमाची सुरुवातच मुळी पहिलवानापासून झाली म्हटलं तरी चालेल. १८९४ मध्ये एडिसनच्या स्टुडिओत युजेन सँडोला कॅमेऱ्यासमोर उभं करून दंड-पोटाच्या बेडक्या फिरवायला लावल्या, तेवढाच पिक्चर. हा सँडो पुढे हिंदुस्थानात पण येऊन गेला, आणि तू आत्ता जी बिनबाह्यांची बनियन घालून बसला असशील, सँडो बनियन, ती त्याच्याच नावाची. मग १९१४ ला इटलीच्या काबिरिया पिक्चरमध्ये माचिस्ते आला, साखळ्या तोडणारा गुलाम, ते काम केलं बार्तोलोमेओ पागानो नावाच्या जिनोव्हा बंदरातल्या गोदी कामगाराने. नट नव्हताच तो. त्याचं अंग बघून घेतलं, आणि मग माचिस्तेचेच पिक्चर निघत राहिले. स्टीव्ह रीव्ह्जचा १९५८ चा हर्क्युलिस तुझ्या आजोबांनी थेटरात बघितला असेल, साखळीने खांब ओढून पाडतो. शरीर शंभर टक्के खरं, मिस्टर युनिव्हर्स होता, खांब शंभर टक्के खोटे. आपल्याकडे दारासिंगने १९६४ मध्ये सॅमसन पण केला आणि हर्क्युलिस पण, आणि माझं मत विचारशील तर दारासिंग खांब पाडतो तेव्हा ओके ओके, पण समोर माणूस आला की मजा, कारण माणूस उचलणं त्याचं रोजचं काम होतं.

माणूस उचलण्यात जी खरी कला पडद्यावर दिसली ती एका बाईने दाखवली, नादिया, १९३५ ची हंटरवाली. दांडगे पुरुष खांद्यावर घेऊन चालायची, आणि ते खरंच, थर्मोकोल नाही. कसं? आपली कलाजंग. समोरच्याच्या काखेखाली डोकं, एक हात मांडीत, आणि त्याला मानेवर आडवा, पोट बरोबर आपल्या खांद्यांवर. वजन सरळ कण्यात. तुला मी कलाजंग तीनदा शिकवलीय आणि तीनही वेळा तू हाताने ओढायला गेलास. ऐंशी किलोचा माणूस हाताने उचलू नकोस रे, त्याच्याखाली जा.

आता साखळी आणि दगड. माझे स्वतःचे खेळ, तेव्हा खरं खोटं दोन्ही सांगतो.

साखळी छातीला बांधून श्वास भरून तोडायची, बघणारे म्हणायचे बापरे काय फुप्फुसं. फुप्फुसाने काही तुटत नाही, हवा भरून जास्तीत जास्त साखळी घट्ट बसते. तोडतात ते पाठीचे पंख, काखेच्या मागचे, जे आपण जोर मारून कमावतो. आणि साखळी "तुटत" नाही, एक कडी उघडते. कडीचा सांधा वेल्डिंग केलेला नसतो, दुमडून टोकाला टोक लावलेलं असतं, तीच कडी बरोबर छातीच्या मध्ये आणायची. ट्रिक आहे का? हो. पण न वेल्डलेली कडी उघडायला पण ताकद लागते, घरी बसून बघ उघडून. लोकांना मी साखळी हातात द्यायचो तपासायला, ते ओढून बघायचे, कोणी कधी सांध्याकडे बघितलं नाही.

हत्ती छातीवर घेण्याचा राममूर्तींचा खेळ पण असाच, मधे जाड फळी, तिची एक बाजू जमिनीला टेकलेली, हत्ती शिकवलेला, पाय टाकतो आणि निघून जातो, पूर्ण हत्ती छातीवर कधीच नसतो. तरी मला कोणी सांगितलं तर मी झोपणार नाही. खंडेराव महाराजांच्या वेळी बडोद्यात हत्तींची साठमारी व्हायची, त्या गोष्टी ऐकत मोठा झालोय, हत्तीचा भरवसा नाही.

छातीवरचा दगड. इथे नीट वाच. दगड जड असला की तू वाचतोस. हलका असला की मेलास. पाच किलोचा घण आणि छातीवर पंच्याण्णव किलोचा दगड, तर घणाच्या माऱ्यातला विसावा भागच तुझ्यापर्यंत येतो, बाकी दगड फुटण्यात आणि कणी उडण्यात जातो. तोच पाच किलोचा घण दहा किलोच्या लादीवर मारला तर तिसरा हिस्सा थेट बरगड्यांत.

एका वर्षी एका मंडळाचा कार्यक्रम होता, नाव नाही घेत, अजून वर्गणी मागायला येतात. मी सांगितलं होतं वडोदऱ्याबाहेरच्या खाणीवरून नव्वद-शंभर किलोची शिळा आणा. स्टेजवर गेलो तर तिथे कोटा लादी. मी म्हटलं हे काय, तर अध्यक्ष म्हणतात, "अहो काका, तुमचं वय झालंय आता, आम्हाला दया आली, म्हणून हलकी आणली." समोर दोनशे माणसं, पहिल्या रांगेत आमची सासुरवाडी. मान ठेवायला झोपलो मी, गाढव. घण मारणारा पण नवीन, मधोमध मारायच्या ऐवजी डावीकडे मारला. लादी फुटली, टाळ्या झाल्या, मी उठून हात जोडले, आणि खाली उतरल्यावर श्वास घेता येईना. डावीकडची बरगडी तडकली होती. सहा आठवडे हसता आलं नाही की शिंकता आलं नाही, आणि त्याच महिन्यात बायकोला नेमके विनोद सुचत होते. तेव्हापासून दगड बंद.

म्हणून तुला नाही म्हटलं. तुझ्या मंडळाने शिळा आणलीच तरी घण कोण मारणार? तुझाच मित्र, ज्याला डीजेचा बेस ऐकून आधीच चढलेली असते.

पण लोकांना काहीतरी दाखवायचंच असेल तर बॅकलिफ्ट कर. खरी आहे, कुठेही ट्रिक नाही, लोकांना कळते पण, कारण माणसं मोजता येतात. दोन मजबूत घोडे, वर जाड सागवानी फळी, फळीवर माणसं, खाली तू, हात स्टुलावर, पाठ सरळ, मान खाली, आणि पायांनी ढकलायचं, पाठीने नाही. घोडे तसेच खाली राहतात, म्हणजे तू दमलास तर फळी तुझ्यावर नाही, घोड्यांवर बसते. एक बोट सुटली की झालं, जास्त वर न्यायचा मोह नको. तुझी स्क्वॉट किती आहे मला माहितीय, सहा माणसांच्या वर जाऊ नकोस या वर्षी. आणि मधल्या माणसाला सांग हलायचं नाही, बाप्पाची आरती सुरू झाली तरी उभं राहून टाळ्या वाजवायच्या नाहीत.

गणपतीला अजून सात आठवडे आहेत. आजपासून बेंच प्रेस निम्मी, बैठका दुप्पट, आणि रविवारी सकाळी साडेसहाला ये. घोडे आणि फळी माझ्याकडे माळ्यावर आहेत, उतरवायला दोघं लागतील. माणसं तू आण, पहिल्या दिवशी दोनच, बारीक बघून आण.